हिच, ऱ्हस्व

ताई, तुमच्या शेवटच्या मेसेजमध्ये दोनच शब्द आहेत. "हिच घे." पुढे पूर्णविराम, तोही न विसरता दिलेला. त्यातल्या पहिल्या शब्दानं मला महिनाभर एका जागी बसू दिलेलं नाही. भात लावते आणि उठते. कपडे वाळत घालायला जाते, निम्मे बादलीतच राहतात. फोन काढते, तो शब्द बघते, ठेवते, परत काढते. तुमचा भाऊ म्हणतो, "अगो, त्या मेसेजला आता पाय फुटायचेत काय?" फुटले असते तर बरं झालं असतं. स्वतःच चालत येऊन सांगितलं असतं त्यानं, मी ऱ्हस्व आहे की दीर्घ.

तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. तुम्हीच म्हणायचात, "वर्षा, तू गोष्ट मधूनच सुरू करतेस नि ऐकणाऱ्याला वाटेत उतरवून देतेस." घ्या, आज नाही उतरवत कुणाला.

सव्वीस वर्षं एका घरात काढली आपण. मी राजापूरहून लग्न होऊन आले तेव्हा सासूची नव्हे, तुमची धास्ती होती. मराठी शिकवणारी, लग्न न केलेली, थोरली नणंद. माझ्या पहिल्याच वाणसामानाच्या यादीवर तुम्ही लाल पेनानं तीन खुणा केल्यात. 'जीरे' नव्हे, 'जिरे'. मी मोरीत जाऊन रडले. वाणी काय माझी परीक्षा घेणार होता? पण याच तुम्ही, मुलगी दोन वर्षांची असताना, तिला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिलात आणि मला म्हणालात, "जा तू गाडी शिकायला. ही रडली तर रडू दे, मी बघते." तुमचा भाऊ बोटींच्या इंजिनांत हात घालून दिवसभर बंदरावर. घरात गाडी येऊन उभी राहिली होती आणि ती चालवायला कुणाला वेळ नव्हता. आज मी घाटात ट्रकला ओव्हरटेक करते, ते तुमच्यामुळे. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. कसं सांगणार, तुम्ही वाक्यातली चूक काढली असतीत.

आता सायकलींचं. तुम्ही पस्तीसेक वर्षं शाळेत सायकलनं गेलात. काळी लेडीज सायकल, मधला दांडा नसलेली, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, पुढे टोपली. रिटायर झालात आणि दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणालात, "आता तू शीक." मी पन्नाशीची. शिकले. पडले, गुडघे फोडून घेतले, मग गिअरची सायकल घेतली आणि आपण दोघी सकाळच्या निघू लागलो. लोक हसायचे. मासेवाल्या टोपल्या खाली ठेवून बघायच्या. "काय हो बाई, सुनेला पण लावलंत काय नादाला?" मी सून नव्हे, भावजय, हे तुम्ही प्रत्येकीला थांबून समजावून सांगायचात.

पण रत्नागिरीत सायकल चालवायची म्हणजे अर्धा वेळ सायकल आपल्याला नेते आणि अर्धा वेळ आपण सायकलला. तुमचा उजवा गुडघा चढावर कुरकुरायला लागला. तेव्हा तुम्हीच तोडगा काढलात. चढ गाडीनं चढायचे, सपाटीला सायकली उतरवायच्या. म्हटलं, वा! डोकं आहे. फक्त सायकली गाडीवर न्यायच्या कशा, एवढाच प्रश्न होता. तो एवढाच प्रश्न आपल्याला वर्षभर पुरला.

पहिल्यांदा टपावर बांधल्या. खाली जुनी गोधडी, वर तुमच्या भावाची बोटीवरची दोरी, त्याच्या त्या गाठी. तो म्हणाला, "ही गाठ वादळात सुटत नाही, तुमच्या गाडीवर काय सुटतेय?" सुटली नाही हे खरं. गणपतीपुळ्याला गेलो, तिथून मालगुंडापर्यंत सायकली चालवल्या. तुम्ही पुढे, मी मागे, समुद्र डाव्या हाताला. येताना तुम्ही काहीबाही गुणगुणत होतात. घरी आलो, मी गाडी नेहमीसारखी अंगणात घेतली आणि माडाच्या झापांचा मांडव आडवा झाला. दिवाळीनंतर दरवर्षी आपण मांडव घालतो, दरवर्षी मी त्याच्याखाली गाडी लावते, आणि डोक्यावर दोन सायकली आहेत हे मी साफ विसरले. एक वासा बॉनेटवर, झापं काचेवर. शेजारच्या सीटवरून तुमचा शांत आवाज आला, "वर्षा, सायकली." म्हटलं, "आता सांगताय?" तर म्हणालात, "वाक्य तयार होतं, वेळ मिळाला नाही."

हसलो आपण. अंगणात मोडलेल्या मांडवाखाली, गाडीत बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तुमचा भाऊ धावत आला आणि त्यानं आधी गाठ सुटली का ते बघितलं.

त्या दिवसापासून मी ठरवलं, टपावर नाही. फोनवर व्हिडिओ बघायला लागले. तेव्हा कळलं की गाडीच्या मागे खाली, चासीला बोल्ट मारून एक लोखंडी तोंड बसवतात. त्यात रॅक अडकवायचा आणि रॅकवर सायकली. कमरेच्या उंचीवर काम, डोक्यावर काही उचलायचं नाही. त्या तोंडाला म्हणतात हिच. मी पुण्यातल्या एका दुकानात फोन लावला. तुम्ही ओटीवर सोडे निवडत होतात.

"मला हिच पाहिजे," मी म्हटलं.

"कुठली मॅडम?"

"अहो, हिच!"

"हीच म्हणजे कुठली? फोटो पाठवा ना."

"फोटो कशाला? हिच, हिच!"

तुमच्या हातातलं सूप हसण्यानं हलायला लागलं. सोडे खाली. "अगो, नाम सांग, नाम! सर्वनाम काय सांगतेस त्या बिचाऱ्याला!" माझा फोन कट झाला, मीच केला, बोलताच येईना. मग तुम्ही गंभीर होऊन निकाल दिलात. इंग्रजीतून आलेला शब्द, ऱ्हस्व लिहायचा. 'हीच' म्हणजे 'ही'ला 'च' लागून झालेली, ती दीर्घ. "आपली हिच ऱ्हस्व, लक्षात ठेव. बोलताना घोटाळा होईल, लिहिताना होता कामा नये." हे तुमचे शब्द आहेत, ताई. माझे नव्हेत.

पण निकाल स्पेलिंगपुरताच. हिच घ्यायला तुमचा ठाम नकार होता. टपच हवा, म्हणजे टपावरचा कॅरिअर. मागे रॅक लावला तर नंबरची पाटी झाकते, दिवे झाकतात. घाटातल्या वळणावर शेपूट खाली टेकतं. डिकी उघडता येत नाही. मागून कुणी ठोकलं तर पहिली माझी सायकल जाणार. एकेक मुद्दा बोटावर मोजून. मी म्हणायची, पाटी दुसरी लावता येते, दिव्यांची पट्टी मिळते, आणि टपावर सायकल चढवायची कुणी? तुमच्या गुडघ्यानं की माझ्या खांद्यानं? फणसाच्या फांद्या काय तुम्ही आधी जाऊन वर धरणार? तुम्ही म्हणायचात, मांडव काय कायमचा आहे का? तुमचा भाऊ मध्येच म्हणायचा, दोरी आहे की घरात. आपण दोघी एकदमच त्याच्यावर ओरडायचो. तेवढ्यापुरतं आपलं जमायचं.

आणि हे सगळं कशासाठी, तर मंडणगडासाठी. गणपतीपुळं तर नुसतं सरावाचं.

मंडणगडाची गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितलीत. आपण पडवीत बसून फणसाचे गरे सोलत होतो, हाताला चीक, उठून जायची सोय नव्हती, म्हणून बहुतेक सांगितलीत. बावीस वर्षांच्या होतात, पहिली नोकरी मंडणगडाकडे लागली. खोली एका टोकाला, शाळा पलीकडच्या वाडीत. तिथेच ही सायकल घेतलीत. शाळेच्या वाटेवर एसटी स्टँड. स्टँडसमोर माणसं बसलेली असायची आणि तरुण बाई सायकलवर दिसली की, "मास्तरीणबाई, घंटी वाजवा की!" तेवढंच, पण रोज. तर तुम्ही स्टँड आला की खाली उतरायचात, मान खाली घालून सायकल हातात धरून चालत जायचात, आणि स्टँड मागे पडला की परत बसायचात. बदली होईपर्यंत तीन वर्षं. "तेवढा तुकडा राहिला गं माझा," म्हणालात. "सगळं आयुष्य सायकलवर गेलं नि तेवढा तुकडा चालत." मग गऱ्यातली आठळी काढून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "याच सायकलवरून एकदा जायचंय तिथून. न उतरता."

याच सायकलवरून. हे मी ऐकलं होतं, ताई. कानांनी ऐकलं होतं. मग त्या सोमवारी माझ्या तोंडून ते कसं निघालं?

त्या सोमवारी पुण्याच्या दुकानदाराला मी आपल्या सायकलींचे फोटो पाठवले होते. त्याचं उत्तर आलं. त्याच्याकडे होता तो रॅक टांगायचा. दोन हात बाहेर आलेले, त्यांवर सायकलचा मधला दांडा ठेवायचा. माझी सायकल टांगता येईल, तुमची नाही, कारण तिला दांडाच नाही. चाकांवर उभी करायचा रॅक वेगळा असतो, पण तो जड, आपल्या गाडीला पेलवणार नाही म्हणाला. मी वैतागले. वर्षभर घासाघीस करून एक वस्तू ठरवली, ती त्या काळ्या सायकलपायी अडायची? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग टपच घेऊया." नेमकं तेव्हाच, तेच वाक्य, त्याच आवाजात. आणि मी म्हटलं, "टाका की हो ते भंगार आता! दांडा नाही, गिअर नाही, नुसती गळ्यात पडलीय!"

तुम्ही म्हणालात, "बरं."

भांडला असतात तर चाललं असतं. सव्वीस वर्षं भांडतच होतो की. पण बरं म्हणून तुम्ही आत गेलात आणि आतून दार ओढून घेतल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, गोडीत घ्यावं. माझं गोडीत घेणं तुम्हाला ठाऊक आहे. मी एका नव्या सायकलचा फोटो तुम्हाला पाठवला. दांड्याची, गिअरची, निळी. खाली लिहिलं, "ही बघा. ही घेऊया का तुमच्यासाठी?" दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

त्याच आठवड्यात तुम्हाला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. मी पेज घेऊन यायची, तुमचे केस विंचरायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलाचं लग्न जमलं की मोडलं त्यावर आपण बोलायचो. सायकल, रॅक, भंगार, यातला एक शब्द तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पेज ढवळत होते आणि फोन वाजला. माझ्या त्या निळ्या सायकलच्या फोटोखाली तुमचं उत्तर, "हिच घे."

आता सांगते, कारण आता न सांगून कुठे जाऊ? मी काय वाचलं? मी वाचलं, हीच घे. ही निळी सायकल घे. आणि मला बरं वाटलं. पळी तशीच हातात आणि मी मनात म्हटलं, आलात ना शेवटी वठणीवर! ताई, मी हसले. स्वयंपाकघरात एकटी हसले. उत्तर लिहिलं नाही. म्हटलं, संध्याकाळी जाऊन समोरच चिडवीन. संध्याकाळी तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नव्हतात.

दहाव्याला सगळी मंडळी जेवून गेली. मी फोन घेऊन तुमच्या खोलीत बसले आणि तेव्हा पहिल्यांदा तो शब्द नीट बघितला. हि. ऱ्हस्व. ही बाई, जिनं आयुष्यात 'आणि' दीर्घ काढला नाही, जी नातेवाइकांच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांमधला चुकलेला उकार दुरुस्त करून मग केकचं चित्र पाठवायची, ती 'हीच' ऱ्हस्व लिहील? म्हणजे तुम्ही सायकलबद्दल बोलतच नव्हतात. हिच घे म्हणालात. माझं ऐकलंत. टप सोडलात.

की नाही? तुम्हाला ताप होता, एका हाताला सलाईन. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिलं असेल. तेव्हा एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर? मग अर्थ असा होतो की माझ्या बोलण्यानं तुम्ही इतक्या दुखावलात की जन्माची सायकल सोडून द्यायला तयार झालात, आणि मी त्यावर हसले.

एका वेलांटीवर काय काय टांगलेलं असतं ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षांचे तुमचे सगळे मेसेज मी खालून वरपर्यंत वाचले. "येताना कोथिंबीर." "गॅस बंद केलास का?" "भाट्याच्या समुद्रावर वारा आहे, स्कार्फ घे." एक चूक नाही. जीव भांड्यात पडला. मग तुमच्या भावाचा फोन मागितला. त्याच दुपारी तुम्ही त्यालाही लिहिलं होतं, "चाविचं पाकीट कपाटात आहे." चाविचं! वि ऱ्हस्व! परत सगळं मुसळ केरात. मी त्याला म्हटलं, "बघा, चुकल्यायत त्या." तो बिचारा बहीण गेलेला माणूस. म्हणाला, "वर्षा, ती तापात होती. तू वेलांट्या काय मोजतेस?" मी त्याच्यावर चिडले. मग त्याला घट्ट धरून रडले. मग परत फोन काढला.

तेरावं झालं. लोक विचारायला लागले, ताईंची सायकल देऊन टाकणार का? एका गरजू मुलीला हवी आहे, म्हणाले. चांगली गोष्ट आहे, द्यायलाच हवी. पण मी हो म्हणेना आणि नाही म्हणेना. तुम्ही तिच्यावरचा हक्क सोडलात की नाही, हेच मला ठरवता येईना.

सोळाव्या दिवशी सायकलवाले गजाभाऊ आले. पायरीवरच उभे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. म्हणाले, "वैनी, बाई गेल्याचं मला उशिरा कळलं हो. गावी होतो. हे त्यांचं काम माझ्याकडे ऱ्हायलंवतं." मी कागद सोडला. आत लोखंडी नळी, हातभर लांब, काळा रंग दिलेली. एका टोकाला सीटखालच्या दांडीला बसेल अशी पकड, दुसऱ्या टोकाला हँडलखाली अडकेल असा आकडा.

"हे काय?"

"दांडा. बाईंच्या सायकलला. वेल्डरकडनं करून घेतला मापानं."

"कधी सांगितलंनी?"

"मंगळवारी आल्यावत्या. सायकल हातात धरून, चालत. म्हनाल्या, वर्षाच्या हिचला टांगायचीय, तर काढता-घालता येनारा दांडा कर. गाडीवर असताना लावायचा, चालवताना काढायचा. साडीला अडता कामा नये."

मंगळवार. सोमवारी मी बोलले आणि मंगळवारी तुम्ही गेलात. माझ्याशी अबोला धरून, गुडघा कुरकुरत असताना, सायकल हातात धरून चालत. ज्या रॅकला वर्षभर नको म्हणालात त्या रॅकला आपली सायकल टांगता यावी म्हणून. दांडा नाही म्हणालं दुकान, तर दांडा करू. आणि मला सांगायचं नाही, आधी हातात वस्तू घ्यायची, मग सांगायचं. शिक्षकीण!

खरं सांगू? मला आधी रागच आला. गजाभाऊंसमोर मी त्या नळीला म्हटलं, "अहो, मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?" गजाभाऊ घाबरून पायरीवरून खाली उतरले. मग मी ओटीवर बसले आणि फोन काढून तारखा बघितल्या.

आणि वेळ जुळली. मी फोटो पाठवला तोही मंगळवारीच. तुम्ही दांडा करायला टाकून घरी आलात, पाय मोकळे करत बसला असाल, चहा घेतला असेल, आणि फोनवर माझी निळी सायकल. "ही घेऊया का तुमच्यासाठी?" दोन निळ्या खुणा. काय वाटलं असेल तुम्हाला, ते मी नको तितक्या वेळा मनात बघून झालंय. आणि तरी चार दिवसांनी, सलाईन लागलेलं असताना, त्या सायकलबद्दल बरं नाही की वाईट नाही, नुसतं हिच घे. ऱ्हस्व.

म्हणजे वाद मी जिंकले. वर्षभराचा वाद. घ्या! काय करू त्याचं? कुणाला सांगू, कुणाला चिडवू?

तुमचा भाऊ दांडा हातात घेऊन उलटसुलट बघत होता. म्हणाला, "वेल्डिंग चांगलं आहे." मग तो खाली ठेवून म्हणाला, "मागव तुझी ती हिच."

मागवली. पुण्याहून खोक्यात आली आणि नाचणे गावाच्या रस्त्यावरच्या गॅरेजात बसवली. गॅरेजवाला गाडीखालून ओरडला, "वैनी, ट्रॉली ओढनार काय बोटीची?" म्हटलं, नणंदेची सायकल नेणार. तुमचे मुद्दे मी एकेक करून सोडवले, बरं का. नंबरची दुसरी पाटी रॅकवर लावली. दिव्यांची पट्टी लावली. शेपूट टेकतं का ते स्पीडब्रेकरवरून हळूहळू जाऊन बघितलं. टेकलं नाही. एक मुद्दा तुमचा बरोबर निघाला. डिकी उघडत नाही. सायकली उतरवल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा काढता येत नाही. हे कबूल करते. लेखी करते.

काल गेलो मंडणगडला. पहाटे निघालो. माझी सायकल, शेजारी तुमची, तुमच्या दांड्यावर टांगलेली. रॅकला पट्टे होते, पकडी होत्या, तरी तुमच्या भावानं वरून त्याची दोरी मारलीच. आणि मागे लाल फडकं हवं म्हणून तुमच्या कपाटातल्या सत्कारांच्या ब्लाउजपिसांतलं लाल भडक निवडून बांधलं. तुम्ही तो रंग कधी शिवला नसता. खेडपर्यंत तो दर अर्ध्या तासानं गाडी थांबवायला लावून गाठ बघत होता. मी म्हटलं, "गाठ सुटत नाही म्हणत होतात ना?" म्हणाला, "गाठ नाही बघत. सायकल बघतोय."

मी आरशात बघत होते. आरशात काच, काचेमागे तुमच्या सायकलची टोपली हलतेय. डिकी उघडत नाही म्हणालात ते खरं, पण टपावर असती तर दिसली नसती हो ताई. हा मुद्दा मला वादात सुचला नाही.

मंडणगडला स्टँडच्या अलीकडे गाडी लावली. सायकली उतरवल्या. तुमचा दांडा काढून मी गाडीत ठेवला. साडी नेसले होते मी. तुम्ही म्हणाल, काय गरज होती? होती गरज. तुमच्या भावानं विचारलं, "मी येऊ बरोबर?" म्हटलं, "नको, इथेच थांबा." आणि बसले तुमच्या सायकलवर. सीट मला उंच होते. पाय टेकताना पंजाच टेकतो. म्हणजे मध्येच उतरायची सोय नाही, तेही एक बरं झालं.

स्टँड दिसला. बावन्न वर्षांची बाई मी, घाटात ट्रक मागे टाकणारी, आणि स्टँडसमोर चार माणसं बसलेली बघून बोटं ब्रेकवर गेली. मला तुमची तीन वर्षं एकदम कळली. पॅडल मारत राहिले. एसटी बाहेर पडत होती, तिला वळसा घातला. चहावाला, फळवाला, बाकड्यावरचे लोक. मी मान वर ठेवली, अगदी दुखेपर्यंत. आणि गेले की हो! स्टँड मागे पडला.

कुणी बघितलंसुद्धा नाही, ताई. एकानंही. सगळे आपापल्या फोनमध्ये मान घालून बसले होते. चहावाल्यानं समोर बघितलं ते एसटीकडे. ज्या तुकड्यावर तुम्ही तीन वर्षं मान खाली घालून चाललात, ज्याच्यासाठी आपण वर्षभर भांडलो, तिथून एक साडीतली बाई काळ्या लेडीज सायकलवरून गेली आणि कुणाला पत्ताही नाही. तुम्ही कधीच्याच जाऊ शकला असतात. मला इतकं आलं, राग की रडू कळेना, की मी पुढे जाऊन सायकल वळवली, परत स्टँडसमोर आले आणि तुमची घंटी वाजवली. वाजवतच राहिले. तेव्हा बघितलं सगळ्यांनी. बाकड्यावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला.

मी उतरले नाही. गाडीपाशी येईपर्यंत नाही. मग फोन काढला आणि महिनाभर राहिलेलं उत्तर लिहिलं, "घेतली. ऱ्हस्वच." तुमचा फोन तुमच्या भावाच्या खिशात होता. तो वाजला.